जुन्या स्पोर्ट्स कारचं सेंटर कन्सोल: न मोडता काढणं आणि पुन्हा उभं करणं

सेंटर कन्सोल म्हणजे पुढच्या दोन सीटांमधलं, गिअर लिव्हरभोवतीचं प्लास्टिकचं आवरण. त्याचे शत्रू चारच: ऊन, कोपर, बोटातली अंगठी आणि आधीच्या कुणीतरी चालवलेला स्क्रूड्रायव्हर. पहिल्या तिघांनी केलेलं नुकसान रंगाखाली जातं. चौथ्याचं जात नाही. तुटलेले कान, फाटलेले बॉस (मागच्या बाजूच्या, स्क्रू धरणाऱ्या पोकळ नळ्या), चेपलेल्या कडा हे सगळं बहुतेक वेळा काढताना होतं, वापरताना नाही. म्हणून इथे रंगापेक्षा काढण्याला आणि तयारीला जास्त जागा दिली आहे. रंग मारणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे.

हत्यार उचलण्याआधी

काढायला एक-दोन तास धरा. दुरुस्ती आणि रंगाला मात्र तीन-चार दिवस लागतात, कारण बराचसा वेळ वाळण्यात जातो. गाडी तेवढे दिवस उभी राहील अशाच वेळी काम सुरू करा.

पंचवीस-तीस वर्षांचं प्लास्टिक थंडीत काचेसारखं वागतं. गाडी अर्धा तास उन्हात ठेवा किंवा प्रत्येक क्लिपजवळ हेअर ड्रायर फिरवा. हात लावल्यावर कोमट वाटलं पाहिजे, चटका बसता कामा नये.

स्क्रूड्रायव्हर नीट निवडा. जुन्या जपानी गाड्यांमधले स्क्रू फिलिप्ससारखे दिसतात, पण असतात जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, जातीचे. अशा स्क्रूच्या डोक्यावर बऱ्याचदा एक बारीक ठिपका असतो. त्यात फिलिप्सचं टोक पूर्ण खोल बसत नाही. जोर लावला की उसळून बाहेर येतं आणि खाच खाऊन टाकतं. जेआयएस टोक नसेल तर फिलिप्सचं अगदी टोक कानशीने जरा बोथट करा, म्हणजे ते तळाशी न टेकता कडांना धरतं. जर्मन गाड्यांत टी२० आणि टी२५ टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या खाचेचे स्क्रू, बरेच सापडतात. याखेरीज ८ आणि १० मिमीचे सॉकेट, लांब एक्स्टेन्शन, नायलॉनचे ट्रिम टूल, चुंबकाची कांडी आणि टॉर्च लागेल. लोखंडी पेचकसाने पॅनल उचकटायचं नाही. कडेवर पडलेला दात नंतर लांबीने (पुट्टीने) भरून निघतो खरा, पण त्या जागची दाणेदार पोत कायमची जाते.

एक जाड पुठ्ठा घ्या, त्यावर कन्सोलचं ढोबळ चित्र काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. हा सल्ला पोरकट वाटेल, पण कन्सोलमध्ये दोन-तीन लांबीचे स्क्रू असतात. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर तो दिसणाऱ्या बाजूने फुगवटा काढतो किंवा खालच्या वायरिंगमध्ये घुसतो.

गाडी सपाट जागी उभी करा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. कन्सोल काढताना हँडब्रेक वर-खाली करावा लागतो, गिअरही हलवावा लागतो. गाडी फक्त ठोकळ्यांवर उभी असण्याची वेळ येते. ऑटोमॅटिक असेल तर बॅटरी सोडवण्याआधीच इग्निशन चालू करून, ब्रेक दाबून लिव्हर न्यूट्रलला आणा. नंतर इंटरलॉक, म्हणजे लिव्हरचं आतलं कुलूप, तो हलू देत नाही.

रेडिओला कोड आहे का ते आधी पाहा, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. एअरबॅग असलेल्या बऱ्याच गाड्यांत तिचं कंट्रोल युनिट कन्सोलखालीच, टनेलवर, म्हणजे गाडीच्या तळाच्या मधल्या उंचवट्यावर बसवलेलं असतं. बॅटरी सुटली तरी त्यातला कपॅसिटर काही काळ चार्ज धरून राहतो. किती वेळ थांबायचं ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं आणि तोच आकडा पाळा. मॅन्युअल हाताशी नसेल तर निदान पंधरा मिनिटं थांबा. पिवळे कपलर (वायरींचे जोड) दिसले की ते एअरबॅगचे समजा. ते सोडवू नका, युनिटवर काही आपटू नका आणि कुठलाही कपलर सुटलेला असताना इग्निशन चालू करू नका, नाहीतर डॅशबोर्डवरचा दिवा पेटतो आणि बऱ्याचदा स्कॅनर लावल्याशिवाय विझत नाही.

काढणं

पहिला अडसर गिअर नॉब. माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीत (१९८९ ते १९९७) तो आट्यांवर असतो, एम१० × १.२५, डावीकडे फिरवला की सुटतो. निसानच्या बऱ्याच गाड्यांत हेच आटे, होंडात एम१० × १.५, टोयोटात एम१२ × १.२५. नवीन नॉब घ्यायचा असेल तर हे आकडे उपयोगी पडतात. बीएमडब्ल्यूच्या झेड३ आणि तिच्या भावंडांत मात्र नॉब फिरवायचा नसतो, सरळ वर ओढायचा असतो, आणि तो चांगलाच घट्ट बसलेला असतो. ओढताना तोंड बाजूला ठेवा, कारण सुटतो तेव्हा एकदम सुटतो. आतला गिअर बदलला जाऊ नये म्हणून दोन्ही हातांनी उभाच जोर लावा. नॉबखाली ग्रब स्क्रू किंवा रिव्हर्सची कळ असेल तर आधी ती सोडवा.

गिअर बूटची, म्हणजे लिव्हरभोवतीच्या मऊ आवरणाची, चौकट सहसा चार क्लिपांवर असते. मागची कड आधी उचला, मग पुढे सरकवा. बूट लिव्हरवरून उलटा करून काढता येतो.

आता लपलेले स्क्रू. कंपन्या ते ठरावीक जागीच लपवतात: ॲशट्रेच्या खाली, कप होल्डर किंवा नाण्यांच्या खणातल्या रबर मॅटखाली, रिकाम्या स्विचच्या झाकणामागे, आर्मरेस्टच्या पेटीच्या तळाशी, बूटच्या चौकटीखाली, रेडिओभोवतीच्या चौकटीमागे आणि पुढे पायांजवळ दोन्ही बाजूंना, कधी कार्पेटच्या कडेखाली. सीट पूर्ण मागे नेऊन पुढचे स्क्रू काढा, मग सीट पूर्ण पुढे आणून मागचे. कन्व्हर्टिबल असेल तर छत उघडून काम करा. कमरेला बरं पडतं आणि कन्सोल बाहेर काढताना वर जागा मिळते.

नियम एकच: सगळे स्क्रू निघाले असतील तर कन्सोल दोन बोटांनी हलतं. एक कोपरा अडतोय असं वाटलं तर तिथे स्क्रू राहिलाय. जोर लावू नका, टॉर्च लावा.

उचलताना हँडब्रेक पूर्ण वर ओढा आणि गिअर दुसऱ्या किंवा चौथ्यात टाका, म्हणजे लिव्हर मागे झुकतो आणि कन्सोलचं तोंड त्यावरून सुटतं. मागची बाजू आधी उचला, दहा-बारा सेंटिमीटरवर थांबा आणि हात आत घालून कपलर सोडवा. पहिल्या एमएक्स-५ मध्ये पॉवर विंडोचे स्विच कन्सोलमध्येच आहेत आणि पेट्रोलचं झाकण उघडायची कळही मागच्या खणात. सगळं सुटलं असं समजून कन्सोल हिसकावलं तर वायर तुटते. पोर्शे ९४४ मध्ये हँडब्रेक ड्रायव्हरच्या सीट आणि दाराच्या मध्ये असतो, त्यामुळे तिथे एक अडथळा कमी. कपलरची जीभ दाबून कपलरच ओढा, वायर नाही. प्रत्येक कपलरचा सोडवण्याआधी फोटो काढा.

कन्सोल निघाल्यावर टनेलवर उघडं पडलेलं सगळं एकदा पाहून घ्या. गिअर लिव्हरच्या तळाचा रबर बूट फाटला असेल तर गरम हवा आणि वास आत येण्याचं कारण तेच. पहिल्या एमएक्स-५ मध्ये लिव्हरच्या बुडाशी वेगळं तेल असतं, साधारण ८० मिलि, आणि ते कोरडं पडलं की गिअर खरखरीत लागतात. एवढी उघडझाप पुन्हा होणार नाही, तेव्हा रबर आणि तेल आत्ताच बदला.

प्लास्टिक ओळखा, मग बाटली उघडा

बिघडलेल्या कन्सोलपैकी बरीचशी इथे बिघडतात. एकाच कन्सोलचे दोन तुकडे वेगवेगळ्या प्लास्टिकचे असू शकतात आणि एकाला चालणारा पदार्थ दुसऱ्याला चालत नाही.

मागच्या बाजूला दोन कोनांच्या कंसांत खूण साच्यात उमटलेली असते: एबीएस, पीसी+एबीएस (पीसी म्हणजे पॉलिकार्बोनेट), पीपी (पॉलिप्रॉपिलीन), पीपी-टीडी२० वगैरे. टीडी म्हणजे टाल्क भरलेलं. १९८० च्या दशकातल्या गाड्यांत ही खूण नसतेही. मग आतल्या न दिसणाऱ्या कडेचा कणभर तुकडा कापून साबणाच्या पाण्यात टाका. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन. बुडाला तर बहुधा एबीएस, पण टाल्क भरलेलं पॉलिप्रॉपिलीनसुद्धा बुडतं. शंका राहिली तर आतल्या बाजूला ॲसिटोनचा एक थेंब कापसाने लावा: एबीएस चिकट होतं, पॉलिप्रॉपिलीनला काही होत नाही. दिसणाऱ्या बाजूला ही चाचणी करण्याचा मोह टाळा, डाग जात नाही.

आता सुट्टे भाग वेगळे करा: स्विच, ॲशट्रे, बिजागऱ्या, बल्ब. कोमट पाणी, भांडी घासायचा साबण आणि मऊ ब्रश घेऊन कन्सोल धुवा. ब्रश गोल फिरवा, कारण दाणेदार पोताच्या खळग्यांत वर्षानुवर्षांचं सिलिकॉनचं चकाकी द्रव्य साठलेलं असतं. एकदा धुऊन भागत नाही. पाणी थेंबांत न तुटता सपाट पसरू लागलं की स्वच्छ झालं समजा. या पाण्याच्या परीक्षेत नापास झालेल्या कन्सोलवर रंग मारला की माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे उमटतात आणि मग सगळं पुन्हा घासून काढावं लागतं.

तडे आणि तुटलेले बॉस

तडा वरून चिकटवून भागत नाही. आधी त्याच्या टोकाला २ मिमीचं भोक पाडा, नाहीतर कंपनाने तो पुढे सरकत राहतो. मग मागच्या बाजूने व्ही आकाराची खाच करा, जाडीच्या निम्म्यापर्यंत. एबीएस असेल तर त्याच प्लास्टिकचा चुरा ॲसिटोनमध्ये रात्रभर भिजवून मधासारखी लगदी करा. बरणी काचेची घ्या, झाकण घट्ट लावा, जवळपास ज्योत नको, खिडक्या उघड्या ठेवा. ही लगदी वाळताना आकसते, म्हणून एकदम भरू नका. दोन-तीन थर द्या आणि शेवटच्या थरानंतर २४ तास थांबा. वर मागच्या बाजूला स्टेनलेस जाळीची पट्टी किंवा फायबरग्लासचं कापड इपॉक्सीने बसवलं की तो भाग मुळापेक्षा मजबूत होतो.

पॉलिप्रॉपिलीनवर यातलं काहीच धरत नाही. ॲसिटोन त्याला विरघळवत नाही, साधं इपॉक्सी पापुद्र्यासारखं सुटतं. तिथे प्लास्टिक वेल्डिंग करा, पॉलिप्रॉपिलीनचीच काडी वापरून, किंवा गरम स्टेपलर वापरा. ०.६ ते ०.८ मिमीच्या नागमोडी पिना मागून आडव्या बसवायच्या, पृष्ठभागापर्यंत न पोचू देता. पिन जास्त खोल गेली की पुढे चमकदार ठिपका दिसतो.

सुपरग्लूबद्दल दोन शब्द. तो लवकर धरतो, पण ठिसूळ असतो आणि त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरी भुकटी बसते. तुकडे जागेवर टेकवून ठेवायला एक थेंब ठीक, दुरुस्ती म्हणून नाही.

स्क्रूचा बॉस, म्हणजे मागची ती पोकळ नळी, उभी चिरलेली असेल तर तिच्याभोवती बसेल अशी ॲल्युमिनियमची छोटी नळी कापून इपॉक्सीने चढवा. आटेच गेले असतील तर भोकात इपॉक्सी भरा, स्क्रूला मेण किंवा ग्रीस लावून हाताने घाला, अर्धवट घट्ट झाल्यावर एक वेढा मागे फिरवा आणि पूर्ण वाळल्यावर काढा. नवे आटे तयार. एबीएसला हे जमतं. पॉलिप्रॉपिलीनमध्ये भोक किंचित मोठं करून पितळी इन्सर्ट सोल्डरिंग आयर्नने तापवून बसवा.

चिकट झालेला मऊ थर

१९९० नंतरच्या अनेक युरोपीय स्पोर्ट्स गाड्यांत, फेरारी आणि मासेराटीत तर हमखास, स्विच आणि कन्सोलवर मखमली वाटणारा पॉलियुरेथेनचा थर असतो. हवेतल्या ओलाव्याने त्याचं विघटन होतं आणि तो डांबरासारखा बोटाला चिकटतो. त्याला वाचवता येत नाही, काढूनच टाकायचा.

आयसोप्रोपिल अल्कोहोल ९० टक्क्यांहून तीव्र घ्या. त्यात भिजवलेलं फडकं थरावर पाच मिनिटं पसरवा आणि प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. एकाच जागी जास्त वेळ भिजत ठेवू नका, ताणाखाली असलेल्या पॉलिकार्बोनेटला बारीक भेगा जाऊ शकतात. थिनर किंवा ॲसिटोन इथे अजिबात नको: थर जाईल आणि खालचं प्लास्टिकही घेऊन जाईल. बटणांबाबत सावध. त्यावरची चिन्हं बहुधा त्याच थरात कोरलेली असतात. थर गेला की चिन्ह गेलं. आधी फोटो काढा, बटणं वेगळी ठेवा आणि तयार डिकॅल (चिन्हांचे स्टिकर) मिळतील याची खात्री झाल्यावरच हात लावा.

रंग

आधी ठरवा, कशाशी जुळवायचं. मूळ न विटलेला रंग ॲशट्रेखाली सापडतो आणि तोच जुळवावा असं वाटतं. पण शेजारचा डॅशबोर्ड तीस वर्षं उन्हात राहिलाय. मूळ रंगाचं कन्सोल त्याच्या शेजारी परकं दिसतं. डॅशबोर्ड स्वच्छ धुवा आणि त्याच्या आजच्या रंगाशी जुळवा. सगळंच ट्रिम रंगवणार असाल तरच मूळ रंगाकडे जा.

प्लास्टिक आणि व्हिनाइलसाठी असलेला लवचिक रंग वापरा, बॉडीचा नाही. पोत जपायची असेल तर पॉलिश पेपरऐवजी करडं, बारीक स्कफ पॅड घ्या आणि फक्त चमक मरेपर्यंत घासा. जिथे लांबी भरली आहे तिथेच पेपर चालवा: २४० ने बसवून ४०० आणि मग ६००. जाड थराचा प्रायमर दाणे बुजवतो, म्हणून तोही फक्त दुरुस्तीच्या जागी. पॉलिप्रॉपिलीनवर ॲडहीजन प्रमोटरचा, म्हणजे रंगाला पकड देणाऱ्या द्रव्याचा, एक पातळ थर हवाच, आणि डब्यावर दिलेल्या मुदतीतच त्यावर रंग यायला हवा. तो उशिरा मारला की प्रमोटर नुसताच वाळतो आणि रंग नखाने निघतो.

घासून सपाट झालेल्या जागी पोत परत आणायला टेक्स्चर स्प्रे मिळतो. जवळून मारला तर तो ओला बसून पसरतो, लांबून मारला तर कोरडे, ठसठशीत दाणे पडतात. आधी टाकाऊ तुकड्यावर अंतर जमवा, मूळ पोताच्या शेजारी धरून पाहा. अगदी हुबेहूब जमत नाही. पण हात टेकायच्या जागेवर टेक्स्चरची हद्द पॅनलच्या एखाद्या कडेशी नेऊन संपवली तर नजर तिथे थांबत नाही.

२० ते २५ अंश तापमान, धूळ नाही, दमट हवा नाही. हातमोजे घालून आयसोप्रोपिलने शेवटचं पुसा आणि त्यानंतर उघड्या बोटाने स्पर्श करू नका. २० ते २५ सेंटिमीटरवरून तीन-चार पातळ हात, प्रत्येक दोन हातांमध्ये दहा मिनिटं. पहिला हात धुरकट, खालचं दिसेल असाच हवा. झाकायच्या घाईत पहिला हात जाड मारला की दाण्यांमध्ये रंग साचतो आणि कन्सोल खेळण्यातल्या गाडीसारखं दिसतं. नेहमीच्या आकाराच्या कन्सोलला ४०० मिलिचा एक डबा पुरतो, तरी एकाच बॅचचे दोन घ्या.

चमक हाच दुरुस्ती पकडून देणारा दोष आहे. जुनं इंटिरिअर जवळजवळ मॅट असतं. मॅट क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) वापरणार असाल तर डबा पूर्ण दोन मिनिटं हलवा, कारण चमक मारणारी भुकटी तळाशी बसते, आणि सगळ्या तुकड्यांवर शेवटचा हात एकाच बैठकीत द्या. दोन घटकांचा क्लिअर आर्मरेस्टच्या कडांवर नक्कीच जास्त टिकतो, पण त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटपुढे साध्या मास्कवर विसंबता येत नाही. त्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि बूथ लागतो. तो थर पेंटरकडून करून घ्या.

चामड्याने मढवलेला आर्मरेस्ट असेल तर क्रम असा: लेदर क्लीनर, हलका स्कफ, भेगांत लवचिक फिलर पातळ थरांत, पाण्यावर आधारित लेदर कलर स्पंजाने, शेवटी टॉपकोट. चामडं फाटून शिवणीतून निघालं असेल तर फिलरच्या नादी न लागता मढवूनच घ्या.

पुन्हा बसवणं

रंगाला २४ तास हात लावू नका. नंतर कन्सोलच्या ज्या कडा डॅश, टनेल आणि एकमेकांना टेकतात तिथे आतून फेल्टची चिकट पट्टी लावा. करकर आवाज दोन कोरडी प्लास्टिकं घासल्याने येतो आणि तो बंद करायची हीच वेळ आहे. सुट्या कपलरांनाही कापडी टेप गुंडाळा, नाहीतर ते टनेलवर टकटक करत राहतात.

बल्ब आत्ताच बदला. कन्सोल जागेवर ठेवून सगळे कपलर जोडा, मग बॅटरी जोडा आणि स्क्रू लावण्याआधी खिडक्या, लायटर, प्रकाश तपासा.

प्लास्टिकमध्ये स्वतः आटे पाडणारा स्क्रू घालताना आधी उलटा फिरवा. एका क्षणी तो टक् करून किंचित खाली बसतो. तिथून सुलट फिरवला की जुन्या आट्यांतच जातो. सगळे स्क्रू अर्धे लावून घ्या, कन्सोल मधोमध आहे ना पाहा, मग आळीपाळीने कसा. पॉवर टूल नको, मनगटाने टेकेपर्यंत पुरे.

नॉब लावण्याआधी सगळे गिअर टाकून पाहा, रिव्हर्ससकट. नवा बूट आखूड शिवलेला असेल तर तो लिव्हरला मागे ओढतो आणि चालत्या गाडीत गिअर निसटू शकतो. हँडब्रेकही पूर्ण खाली आणि पूर्ण वर नेऊन बघा, मगच ठोकळे काढा.

पहिला आठवडा कोरड्या किंवा किंचित ओल्या फडक्याशिवाय काही लावू नका. चकाकी आणणारं सिलिकॉनचं ड्रेसिंग तर त्यानंतरही नको. ब्रशने तासभर खरवडून काढलं होतं ते हेच.